दहात एक पेलेट बाहेर का जातं? साइझर आणि ल्युब घेण्याआधी

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. एअर रायफलवर पोरगं नऊ पेलेट्स (छर्रे) १०.१, १०.३, ९.९ अशा गुणांवर नीट मारतं आणि दहावं उठून ८.५ ला जातं. परत नऊ नीट, परत एक बाहेर. मग कुणीतरी सांगतं की पेलेट्सचा साइज सारखा नाही, साइझर आणा, म्हणजे पेलेट दाबून एका मापात आणणारं यंत्र. दुसरा म्हणतो ल्युब, म्हणजे वंगण, लावा. घरी रात्री यूट्यूब बघून बाबा ठरवतात की यंत्र मागवायचं, आणि विचारायला येतात की कुठलं मागवू.

माझं मत आधीच सांगतो. १० मीटर एअर रायफलला साइझर लागायची वेळ फार क्वचित येते, आणि आली तरी ती सगळ्यात शेवटी येते. त्याच्या आधी चार गोष्टी तपासायच्या आहेत. त्यातल्या तीन फुकट होतात.

यंत्राचा गोंधळ सुरू होतो तो त्या व्हिडिओंपासून. अमेरिकेत हौशी लोक शिसं वितळवून दारूच्या बंदुकीच्या गोळ्या घरी ओततात. ओतलेली गोळी थोडी जाड निघते, म्हणून ती डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकातून, दाबून मापात आणावी लागते, आणि तिच्या अंगावरच्या खाचांत मेण भरावं लागतं. लायमन ४५०० किंवा आरसीबीएसचं ल्युब-अ-मॅटिक ही दोन्ही कामं एका दांड्यात करतात. लीचा साधा डाय फक्त आरपार ढकलायचा असतो. ही सगळी अवजारं त्या कामाला उत्तम आहेत. पण आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे तो छंद इथं सोडूनच द्यायचा. आणि पेलेट ही चीजच वेगळी आहे. ओतलेल्या गोळीचं अंग सरळ असतं. पेलेटला पुढं डोकं, मधे कंबर आणि मागं पोकळ स्कर्ट असतो. डोकं बॅरलच्या (नळीच्या) आतल्या उंचवट्यांवर टेकून सरळ जातं, स्कर्ट मागून हवा अडवतो. दोघांचं माप वेगळं, काम वेगळं. सरळ गोळीचं यंत्र या आकाराला लावलं की काय होतं ते पुढं येईलच.

दुसरा गोंधळ आपल्या कोल्हापूरचाच म्हणायचा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली ती ५० मीटर प्रोनमध्ये (आडवं पडून मारायचा प्रकार). कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. हे दोन्ही प्रकार .२२ रायफलचे. त्या काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर कारखान्यातूनच मेणाचा किंवा ग्रीसचा थर येतो, हाताला लागतो सुद्धा. मग पोरं म्हणतात, त्यांच्या गोळीला वंगण आहे तर आमच्या पेलेटला का नको? कारण साधं आहे. ती गोळी जळत्या दारूच्या गरम वायूवर, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगानं निघते. आपलं पेलेट थंड हवेवर, साधारण १७० मीटरनं. बॅरलला शिसं चिकटायचा धोका दोन्हीकडे सारखा नाही.

आधी बाहेर जातंय कुठं ते बघा

हे कुणी करत नाही, आणि निम्मा उलगडा इथंच होतो. कार्ड समोर ठेवा. टार्गेटवर दशांशातला प्रत्येक ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. ८.५ म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून साधारण ६ मिलिमीटर लांब.

आता वेगाचा हिशेब करा. सेकंदाला १७० मीटरनं निघालेलं पेलेट १० मीटर जाईपर्यंत, हवेचा अडथळा सोडला तर, १७ मिलिमीटर खाली येतं. वेग १६५ झाला तर १८. म्हणजे वेगात पाच मीटरचा फरक पडला तरी कार्डावर फरक एका मिलिमीटरचा, आणि तोही वर-खाली. डावी-उजवीकडे शून्य. वजनाचंही तसंच. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटमध्ये ०.०१ ग्रॅम इकडंतिकडं झालं तर वेग जेमतेम एक टक्का हलतो, कार्डावर एक-दीड दशांश. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडून काटा आणून डबीच्या डबी तोलत बसणारे पालक मी बघितलेत. पोराच्या हातून एक ट्रिगर झटकला गेला की त्या सगळ्या तोलण्याची कमाई गेली.

म्हणून ६ मिलिमीटर उजवीकडे गेलेलं पेलेट ना वजनामुळं गेलं, ना वेगामुळं. ते एक तर नेमबाजाकडून गेलं, नाहीतर रायफलचं काहीतरी हललं, नाहीतर ते पेलेट वाकडं होतं आणि हवेत डोलत गेलं.

नेमबाज बाजूला काढायला रायफल क्लॅम्पमध्ये धरून मारावी. क्लॅम्प नसेल तर रेंजवरच्या एखाद्या सीनियर दादाला किंवा ताईला तीच रायफल, तीच डबी देऊन दहा-दहाचे दोन ग्रुप (भोकांचे पुंजके) आडवं पडून, टेकू घेऊन मारायला सांगा. मॅच (स्पर्धेची) रायफल आणि तिला जुळलेला पेलेट्सचा लॉट (कारखान्यातली एक खेप) असला की ग्रुप भोकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजून ६-७ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. तो तसा आला तर यंत्राचा विषय तिथंच संपला. बाबांनी घरी जावं आणि प्रशिक्षकांशी बोलावं.

ग्रुप फाटला तर आधी स्क्रू. बॅरल-ॲक्शन लाकडात किंवा ॲल्युमिनियमच्या स्टॉकमध्ये धरणारे स्क्रू कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कला आवळलेत का? डायॉप्टर (मागची साइट) आणि पुढची साइट हलते का? बॅरलच्या पुढं वजन किंवा ट्यूब लावली असेल तर ती सैल आहे का? मग सिलिंडरची हवा. काटा तांबड्याजवळ गेला की रेग्युलेटर एकसारखा दाब देऊ शकत नाही.

मग बॅरल. फेल्टचे तुकडे ब्रीचकडून (पेलेट भरतात त्या मागच्या टोकाकडून) तोंडाकडं ओढा. करडी-काळी घाण निघाली आणि त्यात शिशाचे चकचकीत कण दिसले तर कोरडे फेल्ट स्वच्छ येईपर्यंत ओढत राहा. साफ केल्यावर पहिली काही पेलेट्स इकडंतिकडं जाणारच, ती मोजू नका. स्प्रिंगच्या रायफलमधून नुसतं फेल्ट झाडू नका. त्याला वजन नसतं, पिस्टन पुढं जाऊन आपटतो.

पेलेटकडं आलो, तर आधी डोळे वापरा

मॅच पेलेट्स फोमच्या खळग्यात एकेक बसवून येतात, ती काही हौस म्हणून नाही. स्कर्टची कड कागदासारखी पातळ असते. डबी एकदा टाइल्सवर पडली की आतली कितीतरी बाद. सरावाची सुटी पेलेट्स पाचशेच्या डबीत एकमेकांवर आदळत येतात, आणि पोरं ती डबी खिशात खुळखुळवत रेंजवर आणतात. दहात एक बाहेर जाण्याचं माझ्या बघण्यातलं सगळ्यात नेहमीचं कारण हे आहे.

सोपी परीक्षा अशी. काचेचा सपाट तुकडा थोडा तिरका ठेवा आणि पेलेट आडवं सोडा. डोकं बारीक आणि स्कर्ट मोठा असल्यानं ते सरळ न जाता वळत खाली येतं. एकाच मापाची, न चेंबलेली पेलेट्स एकाच वळणानं येऊन एकाच जागी जमतात. ज्याचं डोकं लहान-मोठं आहे ते वेगळीकडं जातं. ज्याचा स्कर्ट चेंबलाय ते अडखळत, उड्या मारत येतं. ती वेगळी काढा आणि मुद्दाम तीच दहा मारून बघा. ग्रुप कुठं जातो ते डोळ्यांनी बघितलं की साइझरचा निम्मा मोह उतरतो.

मग डबीवरचा आकडा. ४.४९, ४.५० किंवा ४.५१ हे डोक्याचं माप. तुमच्या बॅरलला कुठलं चालतं ते बॅरललाच माहीत, कॅटलॉगला नाही. तिन्ही मापांची थोडी थोडी आणून क्लॅम्पमधून मारायची आणि जो ग्रुप आवळ येईल तो घ्यायचा. आणि घेताना नुसतं माप नाही, तर लॉट नंबर बघून हंगामभराची एकदम घ्यायची. एकच कंपनी, एकच माप, पण लॉट बदलला की ग्रुप बदलू शकतो. अर्धी डबी जुनी आणि अर्धी नवी एकत्र ओतणं तर बिलकूल नको.

हे माप घरी मोजायला जाऊ नका. उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नरच्या खिशात असतो तो व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरचा. त्याच्यावर ४.४९ आणि ४.५० वेगळे दिसणारच नाहीत. ०.०१ चा मायक्रोमीटर लावलात तर शिसं इतकं मऊ की जबड्यातच दबतं, आणि मोजणाऱ्याच्या हातागणिक आकडा बदलतो. त्यापेक्षा बारीक फरकाची भोकं असलेली गेजची पट्टी बरी. पेलेटचं डोकं भोकात सोडायचं, अडकतं की जातं एवढंच बघायचं. पैसे खर्चायचेच असतील तर पहिले इथं खर्चा. गेज पेलेटला काही करत नाही, फक्त निवडतं. म्हणून नुकसानही करत नाही.

साइझर कुणाला लागतो

लागतो तो साधारण अशांना: स्प्रिंगची सरावाची रायफल, सुटी स्वस्त पेलेट्स, डोक्यांची मापं वरखाली, आणि काही पेलेट्स ब्रीचमध्ये अंगठ्यानं ढकलून ढकलून बसवावी लागतात. बसवतानाच स्कर्ट वाकतो. इथंही आधी पेनासारखं बसवायचं साधन घ्या. त्याच्या गोल टोकानं स्कर्ट गोल होतो, आणि दुसऱ्या बाजूनं प्रत्येक पेलेट एकाच खोलीवर बसतं. मोडत्या बॅरलच्या रायफलला याचा फरक लगेच दिसतो. बाजूनं लोड होणाऱ्या मॅच रायफलला ते बसतच नाही, त्यांनी घेऊ नका.

डाय हवाच असेल तर त्याचं काम समजून घ्या. सोनार तार ओढायला भोकांची पट्टी वापरतो, तसंच हे भोक. मोठं आत जातं, भोकाएवढं बाहेर येतं. पण तार सगळीकडं सारखी, पेलेट नाही. ४.५० च्या डायमधून पेलेट आरपार काढलं तर ज्यासाठी खटाटोप केला त्या डोक्याला कदाचित डाय लागणारही नाही, कारण ते आधीच ४.४९ असेल. पण त्याहून मोठा असलेला स्कर्ट मात्र पूर्ण दाबला जाईल. डोकं जसंच्या तसं आणि स्कर्ट बारीक. मग हवा मागून निसटते, आणि कमी ताकदीच्या रायफलमध्ये तो स्कर्ट परत फुलवायला दाब पुरत नाही. वेग पडतो, ग्रुप आधीपेक्षा वाईट. "साइझर वापरून बिघडलं" असं सांगणाऱ्यांचं बहुतेक हेच झालेलं असतं.

यातून दोन वाटा निघतात. एक, आरपार जाणारा डाय डोक्यापेक्षा मोठा घ्यायचा, म्हणजे तो फक्त स्कर्ट सारखा करेल. चेंबलेल्या सुट्या पेलेट्सला हा बरा. दुसरी, डोकंच मापात आणायचं असेल तर आरपार न ढकलता, डोकं तेवढं आत जाईल असा थांबा असलेला डाय, आणि पुढून दांडीनं परत मागं ढकलायचं. हा करून घ्यावा लागतो.

करून घ्यायला आपल्या गावासारखं गाव नाही. फाउंड्री आणि लेथ यांच्यावर जगणाऱ्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात हे काम करणारे हात आहेत. पण ऑर्डर देताना नुसतं "साडेचारचं भोक मार" म्हणाल तर फसाल. ४.५ चा एच ७ रीमर चालवून भोक ४.५०० ते ४.५१२ मध्ये कुठंही आलं तरी ते टॉलरन्समध्ये बसतं. म्हणजे कारागिराच्या हिशेबानं भोक बिनचूक, आणि आपल्या हिशेबानं एका अख्ख्या मापाची चूक. भोक थोडं लहान ठेवून लॅपिंगनं (बारीक घासून) वाढवायचं आणि पिन गेजनं (नेमक्या मापाच्या पिनांनी) तपासायचं, असं स्पष्ट सांगा. तोंडाला सौम्य उतार हवा, कड राहिली तर ती शिसं खरवडते. आत आरशासारखी सफाई हवी. ढकलणारी दांडी स्कर्टच्या कडेवर टेकता कामा नये. ती पोकळीत आत जाऊन डोक्याच्या मागच्या बाजूला टेकली पाहिजे. मटेरियल ईएन ३१ पोलाद, कडक केलेलं, चालेल. शिशासाठी पितळही चालेल, पण पितळ लवकर झिजतं आणि झिजलेलं कळत नाही. एवढं सांगितल्यावर मिस्त्री म्हणेल, "साहेब, छर्‍याला एवढं?" म्हणू द्या.

तयार डाय मागवत असाल तर एकच प्रश्न विचारा: माप बदलता येतं का, की एकच आहे? एकच असेल तर आधी वर सांगितलेली मापांची चाचणी झाली पाहिजे. नाहीतर कुठल्या मापाचा घेणार?

ल्युबचं

मॅच पेलेट डबीतून काढून तसंच मारायचं. माझ्या मते पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, मॅच रायफलला ल्युबची गरज नाही. लावायचंच ठरवलंत तर प्रत्येक वेळी तेच, तेवढंच लावा. कारण वंगण लावलेल्या आणि कोरड्या पेलेटचा ग्रुप एका जागी पडत नाही. बॅरलला नव्या गोष्टीची सवय व्हायला काही पेलेट्स जातात आणि मधल्या काळात पोरगं साइट फिरवत बसतं.

सुट्या पेलेट्सना मात्र थोडा उपयोग होतो. रिकाम्या डबीच्या तळाला पातळ स्पंज, त्यावर पेलेट ल्युबचे दोन-तीन थेंब, ते पसरू द्यायचे, वर पेलेट्सचा एकच थर, आणि डबी हळू फिरवायची. हलवायची नाही, नाहीतर स्कर्टचं सगळं वर सांगितलेलं पुन्हा सुरू. बोटाला ओलं लागलं तर जास्त झालं. टिश्यूवर पसरून ठेवा. स्कर्टच्या पोकळीत थेंब राहिला तर स्प्रिंग रायफलमध्ये तो दाबानं पेटतो. मोठा आवाज होतो, धूर येतो, आणि ते पेलेट कार्डावर वर जातं. डब्ल्यूडी-४०, शिलाई मशीनचं तेल, मोटारसायकलचं चेन ल्युब यांनी हेच होतं. खोबरेल सुचवणारेही भेटतात. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळं डिसेंबरच्या सकाळी पेलेटवर पांढरी साय, आणि दुपारी तेल. पीसीपीच्या सिलिंडरच्या किंवा पंपाच्या जोडात कुठलंही खनिज तेल घालू नका. २०० बारच्या हवेत तेल म्हणजे स्फोटाची तयारी. तिथं कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच, तेही ओ-रिंगला नावापुरतं.

पावसाळ्यातली पांढरी भुकटी

जून ते सप्टेंबरमध्ये ही तक्रार वाढते आणि लोक दमटपणाला शिव्या घालतात. दमटपणा अर्धाच दोषी. डबी ज्या कपाटात असते ते बघा. प्लायवुड, एमडीएफ आणि त्यांचा गोंद यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ हळूहळू निघत असते. बंद कपाट, पावसाळी ओल आणि ही वाफ एकत्र आली की शिशावर पांढरी भुकटी धरते. संग्रहालयवाले शिशाच्या वस्तू लाकडी कपाटात ठेवत नाहीत ते याच कारणानं. भुकटी डोक्यावर एका बाजूला जास्त बसली की माप बदलतं, आणि ती बॅरलमध्ये घासली जाते. डबी लोखंडी पेटीत किंवा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

थोडी भुकटी असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, जुन्या चहाच्या गाळणीत हळू बुडवून काढा आणि हेअर ड्रायरच्या गार हवेवर वाळवा. ती गाळणी परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. पाणी कुंडीत ओतू नका. पितळेच्या भांड्यांना चिंच लावायची सवय इथं अजिबात आणू नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांत शिसं विरघळतं आणि ते विरघळलेलं शिसं विषारी आहे. जाड भुकटी धरलेली डबी सरळ बाद करा, धुवायच्या भानगडीत पडू नका. पेलेट हाताळल्यावर पोरांचे हात साबणानं धुतल्याशिवाय वडापावला लावू देऊ नका, हे रेंजच्या दारावर लिहून ठेवलं तरी चालेल.

एवढं सगळं करूनही दहात एक बाहेर जातच असेल तर कुणाला विचारताना कार्ड फेकू नका. बाहेर गेलेलं कुठल्या दिशेला गेलं, कितवं होतं, रायफल स्प्रिंगची की पीसीपी, सिलिंडरमध्ये हवा किती होती, पेलेटची कंपनी, डोक्याचं माप, लॉट नंबर आणि बॅरल शेवटचं कधी साफ केलं, एवढं कार्डाच्या मागं पेनानं लिहून आणा. "अधूनमधून बाहेर जातं" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.